आठ पॉइंट चार, कितीपैकी?

ऑगस्टमधली गोष्ट. पंचगंगेचं पाणी वाढत होतं, राजाराम बंधारा बुडाला होता, ‘उद्या सुट्टी पडणार’ म्हणून पोरं आधीच हवेत होती, आणि आम्ही दोघी कोल्हापूर शहरातल्याच एका शाळेच्या व्हरांड्यात बाक मांडून, हिमोग्लोबिन बघायला त्यांची बोटं टोचत बसलो होतो. ओल्या मोज्यांचा, रेनकोटचा आणि स्पिरिटचा मिळून एक वास तिथं साचला होता. मी लॅबमध्ये काम करते, एकोणीस वर्षं झाली. हाताला आता विचारावं लागत नाही. डावा हात घ्यायचा, मधलं बोट नाहीतर अनामिका, कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा, दुसरा स्ट्रिपला लावायचा, कापूस द्यायचा, ‘दाबून धर, लगेच सोडू नको’ म्हणायचं, आकडा वाचायचा, पुढचा. मी आकडा वाचत होते आणि माझी सहकारी रजिस्टरात लिहून घेत होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता म्हणून जरा जास्तच मोठ्यानं वाचत होते.

सहावीतली एक मुलगी पुढं आली. लाल रिबिनी, त्यातली एक सुटलेली. बोटं थंडगार. दोन्ही तळव्यांत धरून तिचा हात चोळला तरी थेंब यायला वेळ लागला, आणि आला तो पाण्यात पडलेल्या कुंकवासारखा फिकट. ‘आठ पॉइंट चार,’ मी म्हणाले. तिनं कापूस दाबून धरला आणि हळूच विचारलं, ‘कितीपैकी, मॅडम?’ मी म्हणाले, ‘अगं, हे मार्क नव्हेत. बारा तरी पाहिजे होतं.’ म्हणताम्हणताच लक्षात आलं की तिला हवं ते उत्तर मी देऊन टाकलंय. बारापैकी आठ. तिच्या मागच्या पोराचं तेरा आलं, तो ‘तेरा! तेरा!’ करत वर्गाकडं पळाला. रांगेतली पोरं एकमेकांचे आकडे विचारू लागली. त्या व्हरांड्यात निकाल लागला होता आणि तो मी लावला होता. ती मुलगी मात्र मान हलवून बाजूला झाली. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. कमीच येणार हे तिला ठाऊक होतं.

ती रडली असती तर मला इतका त्रास झाला नसता.

कितीपैकी, याचं खरं उत्तर आहे. शंभर मिलीलिटर रक्तात ८.४ ग्रॅम हिमोग्लोबिन. तिच्या वयाला साडेअकरा-बाराच्या वर हवं. आणखी एक ‘कितीपैकी’ आहे, तो मला पाठ आहे, कारण आमच्या कामात तो सारखा समोर येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी जवळजवळ ६९ जणांचं रक्त कमी निघालं, आणि देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या १०० मुलींपैकी ५९ जणींचं. म्हणजे त्या रांगेत ती एकटी नव्हतीच. पण हे अकरा वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? तिला फक्त तिचा आकडा ऐकू आला, तोही सगळ्यांदेखत.

त्या दिवशी चहा पिताना तिच्या वर्गावरच्या बाई म्हणाल्या, ‘पोरगी गुणाची आहे हो, पण डोकं नाही. सांगितलेलं राहतच नाही. घरचं वातावरणही तसंच.’ बाई वाईट नाहीत. पुरात अडकलेल्या पोरांना स्वतःच्या गाडीवरून घरी सोडणाऱ्या बाई आहेत त्या. पण माझ्या खिशात तिच्या रक्ताचा आकडा होता आणि बाईंच्या बोलण्यात तिच्या डोक्याचा, आणि हे दोन आकडे एकाच मुलीचे आहेत हे त्या क्षणी आम्हा दोघींपैकी कुणीच बोललं नाही. लोह फक्त रक्ताला लाल करत नाही. ते मेंदूलाही लागतं, डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करायला, मज्जातंतूंवरचं आवरण बांधायला. पाचेक वर्षांच्या मुलाच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास एकटा मेंदू खातो. लोह कमी पडलं की कुठं काही दुखत नाही, सुजत नाही. मूल फक्त जांभया देतं, खिडकीबाहेर बघतं, गणिताचं पहिलं वाक्य वाचून होईतो त्याला दुसऱ्याचा कंटाळा येतो. याला आपल्याकडं नाव आहे, ‘लक्ष नाही’. आणि पुढं काही वर्षांनी ‘डोकं नाही’.

मला माझी पाटीची पेन्सिल आठवली. पांढरी, जरा निळसर, नवी असली की टोकाला कागद गुंडाळलेली. मी ती खायचे. आधी जिभेनं ओली करायची, मग दाताखाली कर्रकन् मोडायची, आणि ती चुरचुरीत माती तोंडभर विरघळू द्यायची. पावसाचे पहिले थेंब पडल्यावर भिंतीला जो वास येतो तो खाता यावा असं वाटायचं, आणि शेणानं सारवलेल्या भिंतीचा पोपडा मी खाल्लाही आहे. दुसरीत असताना गुरुजींनी मला पकडलं, तोंड उघडायला लावलं आणि वर्गाला पांढरी जीभ दाखवली. पोरं हसली. ‘हिला घरात खायला घालत न्हाईत काय रं?’ असं कुणीतरी म्हणालं. मी घरी आले ती आईवर रागावून. गुरुजींवर नाही, हसणाऱ्या पोरांवर नाही, आईवर. रक्तात लोह कमी असलं की माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटते हे मला पुढं डीएमएलटी, म्हणजे लॅबचा कोर्स, करताना पुस्तकात वाचायला मिळालं. त्या पानावर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

खायला घालत होते की. वडील उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, होते. पगाराच्या आठवड्यात मटण यायचं, रस्सा दोन दिवस पुरवायचा. एरवी सकाळी चहा-चपाती, दुपारी भाकरी आणि कांदा-लसूण चटणी, वर तेलाची धार. पोट भरायचं. ‘कोल्हापुरात राहून कुणी उपाशी ऱ्हातंय व्हय?’ असं आजी म्हणायची, आणि ते खरंच होतं, पण पोट भरणं आणि रक्त भरणं यांत फरक आहे हे आजीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. शाळेत डबा खाताना मी झाकण उभं धरायचे, पुढच्या बाजूला, भिंतीसारखं. माझ्यासारख्या चार-पाच जणींची झाकणं उभी असायची. त्यामागं आम्ही काय लपवत होतो? चटणीच. तीच चटणी आज लोक परगावी पाठवतात.

आणि हे सगळं या गावात, हे मला जास्त लागतं. इथं तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद आधी त्याचा डाव बघत नाहीत, विचारतात, ‘खुराक काय?’ किती दूध, किती तूप, बदाम भिजवतोस काय. पोरगा दोन मिनिटांत दमला तर ‘ह्याच्यात दमच न्हाई’ म्हणून हाकलत नाहीत, त्याच्या घरी निरोप जातो. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध उभ्यानं पिणारं हे गाव आहे. शरीर कशानं बनतं ते आपल्याला शिकवायला लागत नाही. आणि मूल शाळेत कशानं टिकतं हेही या गावाला एकेकाळी पक्कं ठाऊक होतं. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी बोर्डिंगं उघडायला सुरुवात केली होती. आधी झोपायला जागा आणि दोन वेळचं ताट, मग पुस्तक. तालमीतला वस्ताद जे विचारतो तेच महाराज विचारत होते. वर्गात तो प्रश्न कधी आणि कसा गळाला, कुणास ठाऊक.

भोगावतीच्या काठी माझं आजोळ. मामाची दीड एकर ऊसशेती. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत गेलं की मामा कुणाशी धड बोलायचा नाही. मीठ आणायला पाठवलं तर काडेपेटी घेऊन यायचा, मोटारची कळ बंद करायला विसरायचा, मामेभावाला पाढे विचारायचा आणि तो एका जागी अडकला की पाठीत धपाटा घालायचा. ऊस तुटून जायचा, कारखान्याचं बिल यायचं, आणि मेच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा तोच मामा कोडी घालायचा, पत्त्यांत सगळ्यांचे पत्ते लक्षात ठेवायचा. मामी म्हणायची, ‘बिल आलं की ह्यास्नी डोकं येतंय.’ आम्ही हसायचो. २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी ऊस जायच्या आधी घेतली आणि पैसे हातात आल्यावर पुन्हा घेतली. आधी कमी, नंतर जास्त. माणसं तीच. पैशाची विवंचना डोक्यात जागा अडवून बसते, बाकीच्या विचाराला कोपरा उरत नाही. हे मी वाचलं तेव्हा मामी नव्हती, नाहीतर तिला फोन करून सांगितलं असतं की तुझं खरं होतं. पण मला तेव्हाही मामापेक्षा मामेभाऊच आठवला. मामाचं डोकं बिल आल्यावर परत यायचं. पोराच्या पाठीतला धपाटा तसाच राहिला. तो सातवीतून शाळा सोडून गेला, आणि आजही बँकेतला फॉर्म भरायचा असला की माझ्याकडं सरकवतो. ‘आमाला कुठलं आलंय डोकं, ताई.’

‘कुणाची गं तू?’ हा आपल्याकडचा मायेचा प्रश्न. मीही तो रांगेतल्या दर पोराला विचारत होते, भीती कमी व्हावी म्हणून. ‘कुणाचा रं तू? कुठं ऱ्हातोस? पप्पा काय करतात?’ काही पोरं खडाखडा उत्तरं देत होती. काही नुसती पेठेचं नाव सांगून गप्प. त्या मुलीनं तर काहीच सांगितलं नव्हतं, बुटाच्या टोकाकडं बघत राहिली होती. उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले होते, त्या प्रयोगाबद्दल मी वाचलं होतं, २००४ मध्ये तो छापून आला. कुणाची जात पुकारली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुलं जवळपास सारखीच निघाली. दुसऱ्या गटांत मात्र आधी सगळ्यांदेखत नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. तिथं खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांना बरेच कमी चक्रव्यूह सुटले. चक्रव्यूह तसेच, मुलं तशीच, नुसतं पुकारल्यानं कुणाच्या रक्तातलं काही कमी झालं नव्हतं. मी टोचण्याआधी त्या पोरांना काय पुकारायला लावत होते, हा विचार मला झोपू देईना.

आठवड्याभरानं ती मुलगी आईला घेऊन आमच्या लॅबमध्ये आली, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन, पुढच्या तपासण्यांसाठी. आई तीन घरची धुणी-भांडी करते, सहाला घर सोडते. काउंटरपाशी उभ्या उभ्याच म्हणाली, ‘पोट भरतंय की वो तिचं. सकाळी चहासंगं दोन चपात्या खाती. दुपारी शाळंत खिचडी मिळती म्हणून डबा देत न्हाई. रात्री आमटी-भात.’ मी मुलीला सहज विचारलं, खिचडी आवडते का. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाली, ‘मी न्हाई खात.’ आमच्याकडच्या मुली ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, ती तशीच पुढं म्हणाली, ‘मी पाणी पिऊन बसतो.’ आई वळली. ‘म्हंजे? दिवसभर?’ पोरगी गप्प. मग अगदी बारीक आवाजात, ‘खिचडी खाणाऱ्या पोरी येगळ्या बसत्यात. डबेवाल्या येगळ्या.’ आईनं हातातली पिशवी बाकावर ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं, जणू घाम आला होता. लॅबमध्ये एसी चालू असतो.

तोपर्यंत मी एकाच दिशेनं विचार करत आले होते: खाणं कमी, म्हणून रक्त कमी, म्हणून लक्ष कमी, म्हणून मार्क कमी, म्हणून मान खाली. इथं मान आधी खाली गेली होती आणि त्यामुळं खाणं सुटलं होतं. सहावी ते आठवीच्या मुलाला त्या जेवणातून रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं सरकारी कागदावर आहे. ते ताट तिच्यापासून दहा पावलांवर रोज वाढलं जात होतं. ती दहा पावलं तिला चालवत नव्हती. माझं उभं धरलेलं झाकण आणि तिचं पाणी, मला एकच वाटलं.

माझा मुलगा आठवीत आहे. तो काही फार हुशार नाही, पण कुणी काही विचारलं की त्याला उत्तर द्यायचा हक्क आहे असं त्याला वाटतं. चुकलं तर म्हणतो, ‘थांबा, परत सांगतो.’ हे ‘परत सांगतो’ त्याच्यात कुठून आलं? तो तान्हा असल्यापासून माझी सासू त्याला मांडीवर घेऊन विचारायची, ‘सांग बघू बाळा, कावळा कुठं गेला?’ आणि त्याच्या ‘आऽऽ’ला ‘हो का? लांब गेला?’ म्हणायची. जमैकात १९८० च्या दशकात खुरटलेल्या तान्ह्या बाळांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जायच्या, घरच्या घरी बनवलेली खेळणी घेऊन, आणि आईला बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं ते दाखवायच्या. दोन वर्षं एवढंच. वीस वर्षांनी ती बाळं, तशाच पण कुणी न गेलेल्या घरांतल्या बाळांपेक्षा, २५ टक्के जास्त कमवत होती. माझ्या सासूकडं वेळ होता. त्या मुलीच्या आईकडं सकाळी सहाच्या आधी आणि रात्री आठच्या नंतर जो उरतो तेवढाच, आणि त्यात तिला भाकरी थापायची असते. हे मी तिला सांगितलं नाही. सांगून तिच्या डोक्यावर आणखी एक पाटी कशाला द्यायची? मी फक्त म्हणाले, चहा जेवणाबरोबर नको, तासभर मागंपुढं करा, चहामुळं लोह अंगी लागत नाही. आमटीवर लिंबू पिळा. शाळेतली निळी गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून पोरी टाकून देतात, ती जेवल्यावरच घ्यायची. शी काळी झाली तर घाबरायचं नाही. आई ‘लिंबू’ म्हणताना मनात काहीतरी हिशोब करत होती.

शाळेतल्या त्या बाईंना मी फोन केला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मी रोज खिचडीची चव घेते, नियमच आहे. चमचाभर. ऑफिसात उभी राहून.’ पुढं काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डिसेंबरात आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, हवेत गुऱ्हाळाचा वास. मधली सुट्टी चालू होती. व्हरांड्यात पोरं गोलात बसली होती, डबे आणि खिचडीच्या ताटल्या मिसळून, आणि बाई मधोमध मांडी घालून ताटली घेऊन बसल्या होत्या, एका पोरीच्या डब्यातली चटणी भातावर घेत. सगळं सुटलं होतं असं नाही. दोन-तीन मुली खांबाआड पाठमोऱ्या बसून खात होत्याच. त्यांच्याकडं बघून मला पुन्हा झाकण आठवलं.

या वेळी मी आकडा मोठ्यानं वाचला नाही. प्रत्येकाची चिठ्ठी लिहायची, घडी घालून हातात द्यायची, आणि ‘कुणाचा रं तू’ऐवजी आज काय खाल्लंस ते विचारायचं, एवढं ठरवून गेले होते. ती मुलगी आली. रिबिनी दोन्ही बांधलेल्या. बोट अजून थंडच. दहा पॉइंट तीन. मी चिठ्ठी दिली, तिनं तिथंच उघडून बघितली आणि घडी घालून दप्तराच्या चेनच्या कप्प्यात ठेवली. मग जायच्या ऐवजी उभीच राहिली.

‘तुमचं किती हो, मॅडम?’

मला सांगता आलं नाही. एकोणीस वर्षांत शेवटचं कधी बघितलं होतं तेच आठवेना. सहकारी म्हणाली, ‘बघ की, त्यात काय.’ मागं रांग थांबली होती. मी नवी सुई घेतली, डावी अनामिका, कडेला टोचलं, पहिला थेंब पुसला, दुसरा लावला. ती मीटरवर वाकून बघत होती. दहा पॉइंट आठ. ‘तुमचं बी बारा न्हाई,’ ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता, काळजी होती. तिनं डब्यातला कापूस उचलला आणि माझ्या बोटावर ठेवला. ‘दाबून धरा. लगेच सोडू नका.’